आजन्म वॉरंटी

गाडीत कुणीही बसो, ती नमस्कार एकालाच करायची.

"नमस्कार हणमंतराव. आपली प्रकृती उत्तम आहे. प्रवास सुखाचा होवो."

प्रकृती म्हणजे बॅटरीची प्रकृती. पण कंपनीतल्या ज्या कुणा शहाण्याने हे वाक्य लिहिलं, त्याला मालक आणि बॅटरी यांत फरक करायचं सुचलं नव्हतं. सुरुवातीला पाथरवाडीत या वाक्याने लोकांची चांगली करमणूक केली. हणमंतराव पडशाने बेजार होऊन शिंकत गाडीत बसले, तरी प्रकृती उत्तम. पुढे त्यांची लेक सारिका गाडी चालवायला लागली, तरी नमस्कार हणमंतरावांनाच. पाणवठ्यावरच्या बायका मग तिलाच हाक मारायच्या, "काय हणमंतराव, आज कराड का?" सारिकाही मिशीला पीळ दिल्यासारखं करून पुढे जायची.

आता कुणी हसत नव्हतं. हणमंतरावांच्या फुप्फुसातला कर्करोग हाडांत उतरला होता. वर्ष होत आलं, ते ओसरीवरच्या खाटेला खिळले होते, आणि अंगणातली गाडी रोज सकाळी त्यांची प्रकृती उत्तम असल्याचं त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होती.

हणमंतरावांची सगळी हयात वडाप चालवण्यात गेली. कोयनेच्या खोऱ्यात पाच जणांच्या जीपमध्ये पंधरा माणसं आणि दोन करडं बसवून घाट उतरायचा, ही विद्या त्यांनी अंगी बाणवली होती. म्हातारपणी जीप मोडीत काढून त्यांनी 'अखंड मोटर्स'ची विजेवर चालणारी सहा आसनी गाडी घेतली. तेव्हाच घाटाखालचा रस्ता खचला आणि एसटी बंद झाली. खोऱ्यातल्या ज्या लोकांना आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला कराडला जावं लागे, त्यांचे हाल कुत्रं खाईना. हणमंतराव त्यांना नेऊ लागले. ते पडल्यावर सारिका नेऊ लागली. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली होती, ती बापाच्या गाडीवर आपल्या पायावर उभी राहिली. खोऱ्यात दुसरी गाडी नव्हती असं नाही. डोंगरातल्या कच्च्या वाटेने वळसा घालून, पेशंटला न हिंदकळता, वेळेत पोचवणारी मात्र हीच होती.

आणि उद्या हयात होती.

हा हयातीचा प्रकार समजायला हवा असेल, तर आधी बॅटरी समजून घ्यावी लागेल.

अखंडची बॅटरी म्हातारी होत नाही, ही नुसती जाहिरात नव्हती. जुन्या बॅटऱ्या मरत त्या सुयांनी. बॅटरी चार्ज करताना लिथियमचा धातू पत्र्यावर परत येऊन बसतो, पण सारवलेल्या जमिनीसारखा सपाट बसत नाही. कुठे जाड, कुठे पातळ, आणि कुठे कुठे त्याला केसाहून बारीक सुया फुटतात. त्या वाढत वाढत मधल्या पातळ पडद्याला भोसकतात. पडदा फाटला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि बॅटरी पेट घेते. अखंडच्या रसायनतज्ज्ञांनी असा द्रव शोधला, की त्यातून विजेचे मोजके, बारीक झटके सोडले तर या सुया विरघळून पुन्हा सपाट थरात बसाव्यात. जखम जिथल्या तिथे भरून यायची.

मात्र कोणत्या बॅटरीला किती झटका द्यायचा, हे तिने आजवर किती चढ चढले आणि किती ऊन खाल्लं यावर ठरायचं. तो सगळा इतिहास कंपनीच्या संगणकांत. गाडी चार्जिंगला लावली की तिकडून त्या दिवसाचा डोस यायचा. डोस चुकत गेला तर सुया पुन्हा वाढणार, आणि पूर्वीपेक्षा जोमाने वाढणार. सुरुवातीला अशा दोन-चार गाड्या माणसांसकट जळाल्यावर नियमच झाला, की वॉरंटी संपलेल्या बॅटरीने स्वतःला कुलूप घालून घ्यायचं. नियम चुकीचा होता असं कुणाला म्हणता येणार नाही.

घोळ वेगळाच होता. डोस मिळत राहिला तर ही बॅटरी किती वर्षं टिकेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळेतली पहिली बॅटरी अजून मरायचं नाव घेत नव्हती. वॉरंटीला तर कुठेतरी शेवट हवा. बॅटरीच्या आयुष्याचे तक्ते उपलब्ध नव्हते, माणसाच्या आयुष्याचे होते. विमावाले ते कैक पिढ्या वापरत आले होते. तेव्हा कंपनीने माणूसच माप म्हणून घेतला. करारात एकच शब्द घातला: आजन्म.

हणमंतराव शोरूममध्ये गेले तेव्हा विक्रेत्याने विचारलं होतं, "कुणाच्या नावावर घेताय? मुलीच्या करा ना." हणमंतराव म्हणाले होते, "गाडी आजन्म हाय म्हनताय न्हवं? मग नाव कुनाचं का आसंना." त्यांना वाटलं जन्म गाडीचा. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. पुढे पहिले मालक मरू लागले, गाड्या कुलूपबंद होऊ लागल्या, आणि लोक लवादापुढे गेले. तिथे कंपनीच्या वकिलाने शांतपणे सांगितलं, "बॅटरीला जन्म नसतो. जन्म माणसाला असतो. आजन्म म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या जन्माएवढं." मराठी त्याचं बिनचूक होतं. लवादाने मान डोलावली.

मग लोकांनी आपापल्या परीने डोकं चालवलं. नवी गाडी घेताना ज्योतिषाला शोरूममध्ये घेऊन येऊ लागले; घरात कुणाची आयुष्यरेषा लांब, त्याच्या नावावर गाडी. बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या पोरीच्या नावावर गाड्या झाल्या, तेव्हा कंपनीने अल्पवयीन मालक बंद केले. ज्यांच्या गाड्या आधीच म्हाताऱ्यांच्या नावावर होत्या आणि करारात नाव बदलायची सोय नव्हती, त्यांनी मरण लपवायला सुरुवात केली. कंपनीने त्यावर हयात काढली. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तशीच. दर तीन महिन्यांनी मालकाने स्वतः चालकाच्या जागेवर बसायचं आणि दोन्ही तळहात स्टिअरिंगवर ठेवायचे. स्टिअरिंग तळहाताखालच्या शिरांची जाळी ओळखायचं, नाडी मोजायचं, हाताची ऊब घ्यायचं. समोरचा कॅमेरा डोळे उघडे आहेत ना ते बघायचा. हयात नोंदली की पुढचे तीन महिने डोस चालू.

त्या तीन महिन्यांत मालक गेला, तर? तर खोऱ्यात एक नवी रीत पडली होती. तिला लोक मुकी मयत म्हणत. रडायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, आपल्याच रानात गुपचूप जाळायचं आणि पुढची हयात येईपर्यंत म्हातारा पुण्याला पोराकडे गेलाय म्हणून सांगायचं. दहाव्याला नदीवर जायचं नाही, कावळ्याला घास ठेवायचा नाही. वरच्या आळीतल्या एका घराने आईला असं जाळलं, तेव्हा सारिका तावातावाने बोलली होती, "गाडीसाठी आईला न रडता जाळलं? माणसं हाईत का कोन?"

तेव्हा तिच्या घरात कुणी आजारी नव्हतं.

हयातीच्या आदल्या दिवशी सकाळी सारिकाने बापाचं अंग ओल्या फडक्याने पुसलं, आणि पुसता पुसता त्याच्या छातीवरची पट्टी अलगद सोलून काढली. दुखणं दाबणारी औषधी पट्टी होती ती. फडतरे सिस्टर दर आठवड्याला आणून द्यायच्या. पट्टी असली की हणमंतरावांना गुंगी यायची, वेदना लांब जायची. पण नाडीही मंद व्हायची, हात गार पडायचे आणि पापण्या मिटायच्या. खाटेला खिळल्यावरच्या पहिल्या हयातीला गाडीने त्यांना दोनदा नाकारलं होतं.

दुपारपर्यंत हणमंतरावांच्या कपाळावर घाम फुटला. दिवस कलला तसे ते खाटेची कड दोन्ही हातांनी धरून पडून राहिले.

"सारे, पट्टी लाव की गं."

"संपली आण्णा. सिस्टर उद्या घिऊन येनार हाईत."

हणमंतरावांनी आढ्याकडे नजर लावली. मग म्हणाले, "दर बारीला बरी हयातीच्या आदल्या दिशीच संपती."

सारिका तांदूळ निवडत होती. तिचा हात ताटातच राहिला.

"मागल्या बारीला वाटलं, आसंल. त्याच्या मागल्या बारीलाबी वाटलं, आसंल," हणमंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "मी काय नको म्हनलो आसतो व्हय? मला इचारायचं तरी."

"आनि तुमी नको म्हनला आसता तर?"

"तर काय केलं आसतंस?"

सारिकाने तांदळाचं ताट पुढे ओढलं. उत्तर तिला ठाऊक होतं. बापाने नको म्हटलं असतं, तरी तिने पट्टी काढलीच असती. न विचारण्याचं कारणही तेच होतं. कराडच्या खेपेला येणारी चार माणसं तिच्या डोळ्यांपुढे असायची, आणि त्यांत सगळ्यात आधी शकिलाचाची. आई गेल्यावर सारिकाची वेणी घालणारी, तिच्या पहिल्या परकराला काठ लावणारी शकिलाचाची. एक खेप चुकली की तिचे पाय सुजत, दोन चुकल्या की धाप लागे. तिसरी अजून चुकली नव्हती. गाडी थांबली, तर ती चुकणार होती.

"शकिलासाठी करतीस. मला काय कळत न्हाई?" हणमंतराव म्हणाले. "कर. पर येक ऐक माजं. मी गेलो की माजी मुकी मयत करू नगंस."

"आण्णा, आसलं बोलू नका."

"बोलू दे. तुजी आय गेली तवा तू येवढीशी हुतीस. आसली रडलीस, की नदीपल्याडची मानसं धावत आली. मी तवा मनात म्हनलो, आपुन गेल्यावर येवढं रडनारं कोनतरी हाय, बास झालं. तसं रड. मंग गाडीचं काय व्हायचं ते हूं दे."

सारिका हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? रात्री ती जेवायला बसली. बापाला दिलेला शब्द आणि शकिलाचाची, दोन्ही एकाच ताटात वाढलेले होते आणि त्यातलं एकच उचलता येणार होतं.

सकाळी शकिला ठरल्याप्रमाणे लवकर आली. बाकीचे तिघे वाटेत चढायचे. खाटेवरचा पंच्याहत्तर वर्षांचा माणूस वाळून पोरासारखा झाला होता. दोघींनी त्याला खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलून अंगणात आणली, आणि चालकाच्या जागेवर सरकवलं. हाड हलेल तिथे हणमंतराव दातांवर दात दाबत होते.

"नमस्कार हणमंतराव. आपली प्रकृती उत्तम आहे. आज आपली हयात नोंद आहे. कृपया दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा."

सारिकाने त्यांचे हात उचलून ठेवले. गाडीने थोडा वेळ घेतला.

"हयात नोंद झाली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"हात गार पडल्यात," शकिला म्हणाली. तिने त्यांचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली. तिच्या डाव्या कोपराखाली डॉक्टरांनी रक्त धुण्यासाठी दोन शिरा जोडलेल्या होत्या, तिथली कातडी सारखी थरथरायची. हणमंतरावांची बोटं तिथे लागली तसे ते किंचित हसले.

"तुजं इंजन चांगलं चालू हाय की गं."

"तुमीच चालू ठेवलंय, आण्णा."

दुसऱ्या खेपेलाही गाडीने नाही म्हटलं. तीन खेपांनंतर कुलूप पडे. सारिकाने चुलीवरचं गरम पाणी आणलं, फडकं पिळून बापाच्या हातांना गुंडाळलं. हणमंतरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग शकिलाकडे. मग फडकं बाजूला सारून त्यांनी स्वतःच हात उचलले. वर्षभरात त्यांनी पाण्याचा तांब्याही आपल्या हाताने उचलला नव्हता. त्यांनी स्टिअरिंग धरलं, वडापवाला धरतो तसं, अंगठे आत घालून, घट्ट. डोळे सताड उघडले. वेदनेने त्यांची नाडी उडत होती, आणि आज तेच गाडीला हवं होतं.

"हयात नोंद झाली. धन्यवाद हणमंतराव. आपली आजन्म वॉरंटी सुरू आहे."

सारिकाने सुटकेचा श्वास सोडला. "चला आण्णा, आता खाटंवर. पट्टी लावते. हाय माज्याकडं."

"ऱ्हाऊ दे जरा. हितं बरं वाटतंय." त्यांची नजर काचेतून समोरच्या घाटाकडे होती. "शकिला, तुजी पाळी नवाची न्हवं?"

"व्हय आण्णा."

"मंग उशीर करू नगा."

एवढंच बोलले. शकिला पलीकडच्या दाराने तिची पिशवी आत ठेवायला गेली, सारिका खुर्ची जवळ ओढायला वाकली, आणि तेवढ्यात ते गेले. हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर आले म्हणून सारिकाला कळलं.

तिने तोंड उघडलं. आवाज गळ्यापर्यंत आला होता. शेजारच्या घरात भांडी वाजत होती, रस्त्याने माणसं दुधाच्या किटल्या घेऊन चालली होती. एक हाक पुरे होती, सगळा गाव अंगणात आला असता. आणि गाव आला असता तर दिवस मावळायच्या आत मरणाची नोंद होऊन गाडीला कुलूप पडलं असतं.

शकिला वळून आली. तिने एकदा हणमंतरावांकडे पाहिलं आणि सारिकाच्या खांद्यांना धरलं.

"रड," ती कुजबुजली. "सबूद दिलायस त्येंना, मला म्हाईत हाय. तू पानी आनाया गेलीस तवा त्येंनीच सांगितलं मला. रड बाई. माजी काळजी करू नगंस."

सारिकाने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

ती शकिलाच्या पायांकडे बघत होती. चपलेचा पट्टा सुजेत रुतलेला होता.

दोघींनी त्यांना परत खुर्चीत घेतलं, ओसरीवर आणलं, खाटेवर निजवलं. सारिकाने डोळे मिटवले. मग आत जाऊन डब्यामागे लपवलेली पट्टी काढली, तिचा कागद सोलला, आणि बापाच्या छातीवर, नेहमीच्या जागी, नीट दाबून लावली. बोटांनी चारही कडा फिरवल्या. सुटू नये म्हणून वर हात ठेवून थोडा वेळ बसून राहिली.

निघताना शेजारची रखमा दारात आली. रोज दुपारी तीच हणमंतरावांना पेज भरवायची.

"झाली का हयात?" तिने विचारलं.

"झाली," सारिका म्हणाली. "आज पेज नको. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठवू नका."

"झोपू दे बाई. लई दिसांनी लागली आसंल झोप."

गाडी गावाबाहेर पडली. देवळाचा चढ, ओढ्यावरचा फरशी पूल, मग घाट. पुढचा पेशंट घाटमाथ्यावर चढायचा, तोवर गाडीत दोघीच होत्या. शकिलाने एकेक करून चारही काचा वर केल्या. शेवटची काच वर गेल्यावर बाहेरचा वारा, पाखरं, सगळं बंद झालं.

"आता रड," ती म्हणाली. "हितं कोन न्हाई."

आणि सारिका रडली. आई गेली तेव्हा रडली होती, त्याहून मोठ्याने. आण्णा, आण्णा म्हणून हंबरडे फोडले. स्टिअरिंगवरचे हात न सोडता, वळणामागून वळण घेत, नाकातोंडातून पाणी वाहत असताना ती रडत राहिली. बापाला दिलेला शब्द तिने पाळला, फक्त ऐकायला नदीपल्याडचं कुणी नव्हतं. शकिला तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत होती.

गाडीने ते ऐकलं. चालकाचा श्वास, आवाज, हातांचा कंप सगळं ती टिपत असे. तिने वेग थोडा कमी केला आणि अतिशय मायेच्या आवाजात म्हणाली, "हणमंतराव, आपण फार थकलेले वाटता. कृपया गाडी बाजूला घ्या आणि विश्रांती घ्या."

सारिकाने डोळे पुसले, अंगठे आत घालून स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडी पुढे काढली. नवाची पाळी होती.